घराचा पाया आणि शेजारचे झाड

कळवण परिसरात शेताचे प्लॉट पडून नवी घरे उभी राहत आहेत. प्लॉट घेताना सातबारा, रस्ता, पाणी सर्व पाहिले जाते. बांधावरच्या चिंचेकडे किंवा कडुनिंबाकडे मात्र पायाची खोदाई सुरू होईपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. मग कोणीतरी सांगतो, "झाड पाडा, नाहीतर मुळ्या घर फोडतील." आयुष्याची पुंजी घरात घालणारा मालक घाबरतो व कुऱ्हाड चालते. आमच्या मते हा सल्ला अर्धाच खरा आहे, आणि अर्धवट सल्ला महागात पडतो.

मुळी सहसा चांगले काँक्रीट फोडीत नाही. ती असलेल्या फटीत शिरते. खरा उपद्रव होतो तो जमिनीतील ओल शोषली गेल्याने. नदीकाठची काळी चिकण माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. झाडाच्या बाजूची माती अधिक खोल सुकते, तेवढाच पाया खचतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. १९७६ च्या दुष्काळात लंडनच्या चिकण मातीवरील असंख्य घरांना याच कारणाने तडे गेले होते.

उलट, मोठे झाड पाडून त्याच जागी लगेच पाया भरला तर दुसरे संकट ओढवते. झाड गेल्यावर कोरडी माती हळूहळू पाणी पिऊन फुगते व घर वर उचलते. ही क्रिया काही वर्षे चालू शकते. म्हणून तोड हाच उपाय, असे मानू नये.

मग करावे काय? प्रथम प्लॉटवर खड्डा घेऊन पाहावा. थोड्या खोलीवर पक्का मुरूम लागला तर पाया त्यावर टेकवावा. चिंता बरीच कमी होते. काळी माती खोल असेल तर अभियंत्याचा सल्ला घ्यावा. अशा जमिनीसाठी रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेल्या खांबांची पद्धत विकसित केली आहे. हे खांब खालच्या, ओल न बदलणाऱ्या थरात रोवले जातात.

दुसरे, बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर दोरीने मोजावा. त्याच्या सुमारे चौपट अंतरात शक्यतो खोदू नये. घेर पाच फूट असेल तर वीस फूट सोडावेत. जाड मुळ्या तोडल्यास झाडाचा आधार जातो व वादळात ते घरावरच येते. वड, पिंपळ, उंबर यांच्यापासून याहून जास्त अंतर ठेवलेले बरे.

तिसरे, सांडपाण्याचे पाइप व शोषखड्डा झाडापासून दूर घ्यावेत. सांधा गळला की मुळ्या तेथेच जमतात आणि पाइप तुंबतो.

झाड काढणे अटळच असेल तर आधी परवानगी घ्यावी. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग आहेत. नागरी भागासाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. झाड शेजाऱ्याच्या हद्दीत असल्यास त्याच्याशी आधी बोलणे अधिक स्वस्त पडते.

ठेकेदार बंधूंनाही आमचे सांगणे आहे : झाडाचा विषय नकाशा काढतानाच मालकापुढे मांडा. एक खोली चार हात सरकवणे कागदावर फुकट असते. पाया भरल्यावर तीच गोष्ट दुरुस्त होत नाही.