ऑइलचं वय कोण मोजतं?

गाळप हंगाम सुरू झाला की भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याबाहेर उसाच्या डबल ट्रॉल्यांची रांग लागते. रांग सरकली की स्टार्टर मारायचा, चार हात पुढं जायचं, पुन्हा बंद. ज्याची बॅटरी थकलेली, तो गडी इंजिन बंदच करत नाही. वजनकाट्यापासून गव्हाणीपर्यंत पोचेतो ट्रॅक्टर किती चालला? किलोमीटर बघाल तर जवळपास काहीच नाही. चेंबरमधलं ऑइल मात्र त्या वेळात चांगलंच राबलेलं असतं.

म्हणून ट्रॅक्टरचं ऑइल तासांवर बदलतात. बऱ्याच ट्रॅक्टरना २५० तासांचा हिशोब असतो. जुन्या ट्रॅक्टरवरचं तासमीटर तर मोठं गमतीचं. ते केबलनं इंजिनाला जोडलेलं असे आणि तासांच्या नावाखाली खरं तर इंजिनाचे फेरे मोजत असे. इंजिन ठरलेल्या वेगानं फिरलं तर मीटरचा तास घड्याळाच्या तासाएवढा. नुसतं घरघरत उभं राहिलं तर मीटर मागं पडायचं.

फेरे मोजण्याची हीच युक्ती मोटारीत शिरली ती वेगळ्या वाटेनं. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये शर्ली श्वार्ट्झ या रसायनशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी डोनाल्ड स्मोलेन्स्की ऑइल नेमकं कशानं खराब होतं याचा माग काढत होते. त्यातून तयार झालेल्या पद्धतीला १९८८ मध्ये पेटंट मिळालं. गाडीतला संगणक इंजिनाचा प्रत्येक फेरा मोजतो आणि ऑइल त्या वेळी किती गरम होतं, त्यावरून तो फेरा हलका धरायचा की भारी, हे ठरवतो. ऑइल चेंबरमध्ये आहे तिथंच राहतं, त्याला कुणी हात लावत नाही, चाखत नाही. काही महागड्या गाड्यांत ऑइलचा विद्युत गुणधर्म तपासणारा सेन्सर असतो, पण तो अपवाद. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत तर फेऱ्यांचाही हिशोब नसतो. इतके किलोमीटर किंवा इतके महिने झाले, की लागला पान्ह्याचा दिवा.

तापमानाला एवढा मान का? ऑइल फार तापलं की हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ते दाट, चिकट होत जातं. ढोबळ हिशोब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की या बिघाडाचा वेग दुप्पट होतो. पण थंड इंजिनही ऑइलचं मित्र नव्हे. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण तेवढंच पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते, थोडी पिस्टनच्या रिंगांमधून खाली झिरपते. बारामतीहून इंदापूरपर्यंत, म्हणजे सुमारे ५० किलोमीटर, एका दमात गेलेल्या गाडीत ते पाणी उडून जातं. पण बारामतीच्याच एमआयडीसीत २०१२ पासून तयार होणारी व्हेस्पा घेऊन कुणी रोज फक्त घर ते मंडई करत असेल, तर ऑइलला पाणी सोडण्याइतकं तापायला सवडच मिळत नाही. ‘माझी गाडी फार चालतच नाही’ हे ऑइल लांबवण्याचं कारण म्हणून सांगितलं जातं; मला ते उलट वाटतं.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांनी यात नवी भानगड आणली. काजळी अडवणारी त्यांची जाळी अधूनमधून तापवून जाळून साफ करावी लागते. त्यासाठी अनेक इंजिनांत सिलिंडरमध्येच जादा डिझेल सोडतात. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या झाल्या की ही साफसफाई अर्धवट सुटते, पुन्हा सुरू होते, आणि थोडं थोडं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. मालक पट्टी काढून बघतो, ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं. तो खूश होतो! ऑइल मात्र पातळ झालेलं असतं, आणि हे गणित मांडणारी गाडी ठरलेल्या किलोमीटरच्या आधीच ऑइल बदलायला सांगते. शोरूमवाले लुटतात, असं मग पारावर ठरतं. काळ्या रंगाचंही तसंच. डिझेल इंजिनात ऑइल काळं पडतं, कारण त्यातली रसायनं काजळी उचलून धरतात. ते त्यांचं कामच आहे.

पान्ह्याच्या दिव्याला दोन-चार दिवस सवलत देता येते. ठिबकत्या किटलीचा लाल दिवा निराळा. तो ऑइलचा दाब गेल्याचं सांगतो, आणि तो चालत्या गाडीत लागला तर पुढच्या पंपापर्यंतसुद्धा न जाता तिथंच इंजिन बंद करायचं.

ऑइल बदलल्यावर पान्ह्याचा दिवा रीसेट करावा लागतो. चेंबरचा नट न उघडताही तो रीसेट होतो. गाडीच्या लेखी मग ऑइल नवं, आणि हिशोब पुन्हा शून्यापासून सुरू.