एका बटणामागचा कारभारी

वाशिम जिल्ह्याचे सरकारी संकेतस्थळ संगणकावर उघडावे, कंट्रोलचे बटण धरून ठेवावे आणि यू दाबावे. भरती, निविदा, पर्यटनस्थळे सगळे नाहीसे होते आणि समोर कोडच्या ओळींची रांग लागते. त्या रांगेत एक शब्द सारखा भेटतो: 'डब्ल्यूपी-कंटेंट'. त्याच्यापुढे कुठे 'थीम्स', तर कुठे 'प्लगइन्स'. डब्ल्यूपी म्हणजे वर्डप्रेस. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये हौशी ब्लॉगलेखकांसाठी सुरू केलेले हे मोफत सॉफ्टवेअर. आज जगातल्या दर पाच संकेतस्थळांपैकी साधारण दोन त्यावर उभी आहेत. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या सहा तालुक्यांच्या जिल्ह्याची इंटरनेटवरची पाटीही त्यावरच लागली आहे.

थीम आणि प्लगइन यांतला फरक दुकानात उभे राहून पटकन कळतो. पाटीचा रंग, फळ्यांची मांडणी, गल्ला कुठे ठेवायचा ही झाली थीम. वजनकाटा, सीसीटीव्ही, पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारा यूपीआयचा डबा हे झाले प्लगइन. माल तोच राहतो. पाटी बदलता येते आणि नवे यंत्र आणून जोडता येते.

वर्डप्रेसमध्ये प्लगइनची सोय २००४ साली आली आणि आजच्यासारख्या थीम २००५ साली. पण तेव्हा 'जोडणे' म्हणजे खटाटोप होता. आधी झिप फाइल उतरवायची, ती आपल्या संगणकावर सोडवायची, मग एफटीपीचे वेगळे सॉफ्टवेअर उघडून त्यात सर्व्हरचा पत्ता, नाव, पासवर्ड भरायचा आणि नेमक्या फोल्डरात एकेक फाइल चढवायची. फोल्डर एक पायरी आत गेले तरी प्लगइन यादीत दिसायचे नाही. फाइली चढत असताना लाइट गेली आणि अर्ध्याच फाइली पोचल्या, तर संकेतस्थळाच्या जागी कोरे पांढरे पान उरायचे. चूक कुठे झाली, हे ते पान सांगत नसे.

मार्च २००८ मध्ये प्लगइन जागच्या जागी अद्ययावत करण्याची सोय आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या २.७ आवृत्तीत प्लगइन थेट डॅशबोर्डवरून, म्हणजे साइटच्या चालकासाठीच्या आतल्या पानावरून, शोधून बसवता येऊ लागले. जून २००९ च्या २.८ आवृत्तीने थीमलाही तीच वाट मोकळी केली. खटाटोप संपला नव्हता, तो बटणाच्या मागे गेला होता. 'इन्स्टॉल' दाबले की वर्डप्रेस स्वतःच झिप आणते, तात्पुरत्या फोल्डरात सोडवते, आत खरोखर प्लगइन आहे का ते पाहते आणि मग योग्य जागी ठेवते. ओळख पटवण्याची रीतही साधी आहे. मुख्य फाइलीच्या माथ्यावर प्लगइनचे नाव लिहिलेली एक ओळ असते, ती सापडली की झाले. 'ॲक्टिव्हेट' दाबल्यावर आधी चाचणी होते, आणि प्लगइन तिथेच कोसळले तर ते सुरूच केले जात नाही.

पांढऱ्या पानाचा बंदोबस्त व्हायला मात्र २०१९ उजाडले. तेव्हापासून साइट बंद पडली की चालकाच्या ईमेलवर एक लिंक येते. तिच्यातून आत शिरून बिघडलेले प्लगइन बाजूला काढता येते. २०२० मध्ये प्लगइन आणि थीम आपोआप अद्ययावत ठेवण्याची सोय डॅशबोर्डवर आली. २०२४ पासून आपोआप झालेल्या अपडेटने प्लगइन बिघडले, तर जुनी आवृत्ती परत बसते.

बसवणे इतके सोपे झाल्यावर अवघड राहिली ती निवड. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात सुमारे साठ हजार मोफत प्लगइन आहेत, आणि भांडाराबाहेरचा बाजार वेगळाच. २०११ मध्ये 'टिमथंब' या छोट्या फाइलीत मोठे भगदाड सापडले. फोटो लहान-मोठे करणारी ही फाइल असंख्य थीमच्या पोटात होती, आणि आपल्या थीममध्ये ती आहे हे बहुतेकांना ठाऊकच नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये नेपाळमधल्या एका कंपनीच्या ४० थीम आणि ५३ प्लगइनमध्ये कोणीतरी चोरदरवाजा ठेवल्याचे उघड झाले. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या प्रती दूषित होत्या, अधिकृत भांडारातल्या प्रती स्वच्छ निघाल्या. दोन्हीकडे नाव तेच होते आणि बसवण्याची रीतही तीच. माल कुठून घेतला, एवढ्यावरच सगळे ठरले.

सरकारी संकेतस्थळांसाठी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला गेला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एस-थ्री-वास' या संकेतस्थळे पुरवणाऱ्या सेवेच्या नावातल्या तीन 'एस'पैकी पहिला सुरक्षिततेचा, दुसरा गरजेप्रमाणे वाढण्याचा आणि तिसरा चक्क 'सुगम्य' या शब्दाचा. वाशिमचे संकेतस्थळ याच सेवेवर आहे. थीम ठरलेल्या संचातून घ्यायची. सर्व्हर, सुरक्षा आणि अपडेट सेवेने सांभाळायचे. अक्षरे लहान-मोठी करण्याची, रंगांचा विरोध वाढवण्याची, मराठी-इंग्रजी अदलाबदलीची सोय तयारच मिळते. कार्यालयाने मजकूर, फोटो आणि सूचना भरायच्या. याची किंमतही दिसते. शेजारच्या हिंगोलीचे किंवा बुलढाण्याचे संकेतस्थळ उघडले, तर सख्ख्या भावंडांसारखी तोंडावळ्याची ओळख पटते.

खासगी साइट चालवणाऱ्याला असा कारभारी आयता मिळत नाही. समजा, रिसोडच्या एका बियाणे विक्रेत्याने दुकानाची साइट काढायला घेतली. थीमच्या नमुन्यात इंग्रजी मथळा देखणा दिसतो. त्याजागी 'सोयाबीन बियाणे उपलब्ध' लिहिले की गडबड सुरू होते. रोमन अक्षरांना ऐसपैस दाखवण्यासाठी थीमने दोन अक्षरांत जागा सोडलेली असते. ती देवनागरीला लागली की शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडका दिसतो. ओळींमधले अंतर कमी असेल, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. पानाच्या पत्त्याचे दुखणे आणखी निराळे. आतल्या नोंदीत देवनागरीतले प्रत्येक चिन्ह नऊ रोमन चिन्हांत लिहिले जाते आणि पत्त्याच्या त्या तुकड्याला मर्यादा आहे २०० चिन्हांची. म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम बावीस चिन्हे मावतात. मथळा लांबला, की पत्त्यात तो मध्येच तोडला जातो. म्हणून अनेक मराठी साइटवाले मथळा मराठीत ठेवतात आणि पत्ता हाताने रोमनमध्ये लिहितात.

बटण दाबण्याआधी या विक्रेत्याला दोन-तीन मिनिटे खर्च करावी लागतील. भांडारातल्या प्रत्येक प्लगइनच्या पानावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: शेवटचे अपडेट कधी झाले, किती साइटवर ते चालू आहे आणि वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासले आहे. पैसे मोजून घ्यायची थीम कोणी फुकट देऊ केली, तर ती कुलूप फोडून आणलेली असते आणि येताना आणखी काय घेऊन येईल याचा नेम नसतो. बॅकअप आधी घ्यायचा. नको असलेले प्लगइन बंद करून न थांबता काढून टाकायचे, कारण बंद प्लगइनच्या फाइली सर्व्हरवर तशाच पडून राहतात.

थीमसाठी आणखी एक सोय हाताशी आहे. ती चालू न करताच आपल्या साइटवर कशी दिसेल ते आधी पाहता येते. तिथे नमुन्याचा इंग्रजी मथळा पुसून विक्रेता स्वतःचा मथळा टाकतो. पहिल्या थीममध्ये 'बियाणे'तल्या 'बि'ची वेलांटी वरून छाटली जाते. दुसरीत शिरोरेषेला भेगा पडतात. तो मागे जातो आणि तिसरी थीम उघडतो.