दत्तक पोराला नशा लागली तर

आपण एक घर मनात धरू. तापीकाठचे गाव. शेतात कपाशी, थोडी केळी. नवरा-बायकोला मूल झाले नाही. बारा वर्षे वाट पाहून त्यांनी एक तान्हे बाळ दत्तक घेतले. सगळे कायद्याने केले. गावात पेढे वाटले. पोरगा वाढला, शाळेत गेला. पंधरा वर्षांचा झाला आणि घराची शांती गेली.

तो रात्री उशिरा येऊ लागला. डोळे जडावलेले, बोलणे अडखळणारे. कुठे होतास विचारले की अंगावर धावे. मायच्या डब्यातले पैसे कमी होऊ लागले. एक दिवस त्याच्या खिशात गोळ्यांची पट्टी सापडली. बाप संतापला. त्याच्या तोंडून शब्द गेला, "तू आमच्या पोटचा असतास तर असं केलं नसतंस!"

हे घर आपण कल्पनेने उभे केले. पण असा बाप आपल्या ओळखीचा आहे. त्याचा राग खोटा नाही. तरी त्याचे ते वाक्य पोराला गोळीपेक्षा जास्त लागले.

असे का? दत्तक पोराच्या मनात पुष्कळदा एक भीती असते. 'एकदा मला कोणीतरी सोडले. हेही सोडतील का?' लहानपणी ही भीती झोपलेली असते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी ती जागी होते. त्या वयात सगळीच पोरे स्वतःला विचारतात, मी कोण? या पोराला उत्तर अर्धेच ठाऊक असते. काही पोरे मग मुद्दाम वाईट वागून पाहतात. आता तरी हे मला हाकलतात का, ते त्यांना पाहायचे असते. बापाने ते वाक्य म्हटले, की पोराला हवे नसलेले उत्तर मिळते.

पुष्कळ मायबाप दत्तकाची गोष्ट पोरापासून लपवतात. पण गावात काही लपते का? एखाद्या लग्नात, एखाद्या भांडणात कोणीतरी बोलून जाते. मग पोराला वाटते, इतकी वर्षे सगळे खोटेच होते. म्हणून ही गोष्ट लहानपणीच सांगावी. मांडीवर घेऊन, गोष्टीसारखी सांगावी. "तू आमच्या घरी कसा आलास, ठाऊक आहे का?" अशी सुरुवात करावी. उशीर झाला असेल तर आज सांगा. पण मायबापांनीच सांगा.

शेजारी म्हणतील, "रक्तच तसं असेल, भाऊ." या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. व्यसनाकडे ओढ थोडीफार वंशातून येऊ शकते, हे डॉक्टरही सांगतात. पण संगत, दुःख आणि हाताशी मिळणारा माल यांचाही त्यात वाटा असतो. व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन पाहा. तिथली बहुतेक पोरे आपापल्या मायबापांच्या पोटचीच असतात.

आणि दत्तकाचे म्हणाल तर आपल्या शेजारचेच उदाहरण आहे. मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ हा शेतकरी घरचा पोरगा. १८७५ साली, बारा वर्षांचा असताना, बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले. तेच पुढे सयाजीराव महाराज झाले. त्यांनी १९०६ साली आपल्या राज्यात सगळ्या पोरांना शाळा सक्तीची आणि फुकट केली.

कायदाही या बाबतीत पक्का आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे रीतसर घेतलेले दत्तक मोडता येत नाही. बापाला मोडता येत नाही, मायला येत नाही, पोरालाही येत नाही. तेव्हा "परत पाठवीन" ही धमकी खोटी आहे. पण पोराला ती खरी वाटते.

आता नशेचे पाहू. आपल्या भागात गांजा दूर नाही. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी चोरून लावलेली गांजाची शेते पोलिसांनी अनेकदा उपटली आहेत. मालेगाव-धुळ्याकडे 'कुत्ता गोळी' म्हणतात, ती खरे तर मनाची घालमेल कमी करायची औषधाची गोळी. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायला बंदी आहे. कोणी खोकल्याचे औषध बाटलीच्या बाटली पितात. कोणी पंक्चरचे सोल्यूशन फडक्यावर घेऊन हुंगतात. याने पोराचे हृदय एकाएकी बंद पडू शकते.

पट्टी सापडली की पुष्कळ बाप पोराला खोलीत कोंडतात. हे करू नका. रोज खूप गोळ्या घेणाऱ्याने त्या एकदम बंद केल्या तर फेफरे येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. गोळ्या कशा कमी करायच्या ते डॉक्टर ठरवतात. धुळ्याला आणि जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथे मनोविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. सापडलेली पट्टी फेकू नका, बरोबर न्या. लाज वाटून मांत्रिकाकडे गेलात तर दिवसही जातात आणि पैसेही.

व्यसन हा आजार आहे, हे आपल्याकडे पुष्कळांना पुण्याच्या 'मुक्तांगण'मुळे समजले. त्या काळी शहरांत 'गर्द' नावाची नशा पसरली होती. डॉ. अनिता अवचट आणि त्यांचे पती अनिल अवचट यांनी १९८६ साली येरवड्याला हे केंद्र काढले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी त्याला पैशाचा आधार दिला. तिथे एकेकाळी व्यसनी असलेलेच कितीतरी लोक आता काम करतात. तिथे पोराबरोबर घरच्यांशीही बोलतात. कारण पोरगा सुधारून परत येतो आणि घर तसेच राहिले तर पुन्हा घसरतो.

पोराचा लाड करा असे मी म्हणत नाही. हातात रोख पैसे देऊ नका. डब्याला कुलूप लावा. त्याने केलेली उधारी तुम्ही गुपचूप फेडू नका. पण हे करताना, "नशा घरात चालणार नाही, तू मात्र या घरचाच," असे रोज सांगा. पहिले वाक्य बापाला सोपे जाते. दुसरे म्हणताना जीभ अडते. तेच जास्त वेळा म्हणावे लागते.

माल देणाऱ्याची गय करू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाला नशेची वस्तू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. व्यसन सोडवण्यासाठी सल्ला हवा तर १४४४६ या नंबरवर फोन करा. पैसे पडत नाहीत. मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे.

आता आपल्या त्या घराकडे परत येऊ. बाप दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याने पोराला उठवले. म्हणाला, "मी बोललो ते चुकलं. तू मना आंडोर शेस. चल, धुळ्याला जाऊ." पोरगा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मायने भाकरी बांधली. पहिली एस.टी. गेली. बाप ओट्यावर बसून राहिला. दुसऱ्या एस.टी.च्या वेळी पोरगा चपला घालून बाहेर आला.

चार महिन्यांनी तो पुन्हा एकदा घसरला. तेव्हाही दोघे त्याच एस.टी.ने गेले.