गतिरोधक हवा, पण मापाचा

शाळेसमोर गतिरोधक हवा की नको, हा विषय पारावर निघाला की गावात दोन तट पडलेच म्हणून समजा. रस्त्यालगतच्या आया म्हणतात, हवाच. डांबर पडल्यापासून पोरांना एकटे सोडायची छाती होत नाही. दूधवाला म्हणतो, कॅन हिंदकळून दूध सांडते. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरवाला तर हातच जोडतो. आणि बाळंतपणाला तालुक्याला निघालेल्या सुनेचे हाल तिची सासूच जाणे!

दोघांचेही खरे आहे. चूक आपल्या रीतीत आहे. अपघात झाला की रातोरात दगडमाती टाकून उंचवटा करायचा. तो अंधारात दिसत नाही, अन् मोटारसायकलवर मागे बसलेली बाई आपटते.

इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली माप घालून दिले होते: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, म्हणजे सुमारे बारा फूट. असा गोलसर उंचवटा ताशी २५ किलोमीटरने सहज ओलांडता येतो. वर काळे-पांढरे पट्टे, अलीकडे ४० मीटरवर फलक, असेही त्यात होते.

रस्ता जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे आणि ग्रामसभेच्या ठरावात सध्या लागू असलेले माप लिहावे. पट्टे पावसाळ्यात पुसट होतात. ते पुन्हा रंगवण्याचेही त्यातच लिहून टाकावे.