उणे चाळीसला पॅडल मारताना

सेल्सियस आणि फॅरनहाइट या दोन मोजपट्ट्यांचं एकाच आकड्यावर एकमत होतं, उणे ४० वर. अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला इंटरनॅशनल फॉल्स नावाचं गाव आहे. तिथला पारा अधूनमधून या आकड्याच्या आसपास जाऊन येतो. शहाणी माणसं अशा वेळी घरात बसतात. काही सायकलवाले मात्र दर जानेवारीअखेर तिथे मुद्दाम जमतात, कारण तिथून ‘ॲरोहेड १३५’ ही शर्यत सुटते. बर्फातून १३५ मैल, म्हणजे सुमारे २१७ किलोमीटर, आणि मुदत ६० तासांची.

सोबत काय न्यायचं हे आयोजकच ठरवून देतात. उणे २९ अंशांत तग धरणारी स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, इंधन, बर्फ वितळवायला भांडं आणि ३००० कॅलरींचं राखीव खाणं. ते खाणं शर्यत संपेपर्यंत जवळ असावं लागतं. भूक लागली म्हणून फस्त केलं, असं चालत नाही. अर्धा किलोहून थोडं जास्त पीनट बटर घेतलं की ३००० कॅलरींचा हिशोब जुळतो.

खरा वैरी घाम

पॅडल मारताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिचा जेमतेम पाव भाग चाकापर्यंत पोचतो. उरलेली सगळी उष्णता. त्यामुळे चढावर उणे १५ मध्येसुद्धा अंगातून वाफा निघतात. गंमत संपते ती उतारावर. ओले कपडे, वरून वारा, आणि दोन मिनिटांत हुडहुडी. म्हणून मुरलेले सायकलवाले घरातून जरा कुडकुडतच निघतात आणि चढ यायच्या आधीच जाकिटाची चेन उघडतात. उन्हाळ्यात आपला जीव वाचवणारा सुती बनियन इथे बाद. तो घाम पितो आणि धरून बसतो. अंगालगत हवी लोकर किंवा घाम बाहेर टाकणारं कृत्रिम कापड.

वारा पडलेला असला तरी सुटका नाही, कारण सायकलवाला स्वतःचा वारा स्वतःच तयार करतो. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरने निघालात, तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं झोंबतं.

वेग कमी पडला तर लगेच मांड्यांना दोष देऊ नका. उणे २० अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे २० टक्के जड असते आणि ती फाडत पुढे जायचं असतं. वर अंगावर कपड्यांचे थर. उन्हाळ्यातल्या वेगाशी तुलना करणं म्हणजे निव्वळ स्वतःचा छळ.

हवा गेली कुठे?

रस्त्यावरच्या सायकलीत साधारण ८० ते १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा भरतात. बर्फावर चालणाऱ्या फॅटबाइकचा टायर चार इंच किंवा त्याहून रुंद असतो आणि मऊ बर्फात त्यात पाचाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी पीएसआय पुरते. अंगठ्याने दाबला की टायर आत जातो, तेव्हाच तो बर्फावर पसरून तरंगतो. आता घोटाळा बघा. उबदार खोलीत २० अंशांना तुम्ही ८ पीएसआय भरलीत आणि उणे २० मध्ये बाहेर पडलात, तर थोड्या वेळाने टायरमध्ये पाचच उरते. पंक्चर वगैरे काही नाही, हवा आकसली. नवखा माणूस इथे हमखास पंप काढून बसतो.

हे टायर दुकानात मिळायला बराच काळ जावा लागला. अलास्कात १९८७ मध्ये ‘इडिटाबाइक’ ही बर्फातली शर्यत सुरू झाली. तेव्हा रुंद चाकासाठी लोक दोन रिमा शेजारी शेजारी वेल्डिंग करून जोडायचे. मग फेअरबँक्सच्या सायमन राकोवर यांनी ‘स्नोकॅट’ ही ४४ मिलिमीटरची रिम काढली. २००५ मध्ये ‘सर्ली’ कंपनीची ‘पग्सली’ आली आणि फॅटबाइकची फ्रेम नि टायर गल्ल्यावर पैसे मोजून घरी नेता येऊ लागले.

रिकामं पॅडल आणि उलटी बाटली

मागच्या चाकाच्या हबमध्ये छोटे खटके असतात. ते दात्यांत अडकले तरच पायाचा जोर चाकाला मिळतो. थंडीत ग्रीस घट्ट झालं की खटके जागचे हलत नाहीत. तुम्ही जिवाच्या आकांताने पॅडल मारता आणि सायकल जागेवरच. म्हणून हिवाळ्यापूर्वी हब उघडून पातळ ग्रीस घालणं हाही सरावाचाच भाग.

पाण्याची बाटली उलटी ठेवायची. पाणी वरून गोठत जातं. बाटली उलटी असली की बर्फ बुडाशी होतो आणि तोंड मोकळं राहतं. दिव्याच्या बॅटऱ्या अंगाच्या उबेला, चॉकलेटही तिथेच. बाहेरच्या खिशातलं चॉकलेट चावणं म्हणजे पाट्यावर दात घासणं.

कोटाचं शीड

हे वेड नवं आहे असं वाटत असेल तर १९०० सालात चला. अलास्काच्या नोम गावी समुद्राच्या वाळूत सोनं सापडलं होतं आणि कॅनडातल्या डॉसनचे लोक तिकडे धावत होते. वाट गोठलेल्या युकॉन नदीवरून, हजार मैलांहून लांब. कुत्र्यांची गाडी महाग, तिला रोज खायला घालायचं ते वेगळंच. त्यांच्यातल्याच एड जेसन याने १५० डॉलरला सायकल घेतली आणि घसरगाड्यांनी पाडलेल्या अरुंद चाकोरीतून फेब्रुवारीत निघाला. थंडी इतकी की बेअरिंगमधलं तेल गोठायचं.

त्याच हिवाळ्यात निघालेल्या मॅक्स हिर्शबर्गची तऱ्हा आणखी न्यारी. नोम जवळ येत असताना नॉर्टन साउंडच्या परिसरात त्याची चेन तुटली. पठ्ठ्याने अंगावरच्या जाड कोटात काठी अडकवली, त्याचं शीड केलं आणि पाठच्या वाऱ्यावर बर्फावरून सायकल हाकली. मे महिन्यात तो नोमला पोचलाही. आजची ‘इडिटरॉड ट्रेल इन्व्हिटेशनल’ ही हजार मैलांची शर्यतही नोमलाच संपते. जीपीएस असतं, सोनं नसतं.

फिनलंडच्या औलू शहरात मात्र बर्फात सायकल चालवण्यात कुणाला काही शौर्य वाटत नाही. तिथली मुलं बर्फातून सायकलने शाळेत जातात. पालिका सायकलवाटा झटपट साफ करते, बर्फ दाबून सपाट करते आणि वर बारीक खडी टाकते. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये भरली, ती इथेच.

दोन बोटांची किंमत

एप्रिल १९८०. बेल्जियममधली लिएज-बास्तोन्य-लिएज शर्यत भर हिमवादळात सुटली. निघाले १७४, पोचले २१. फ्रान्सचा बर्नार हिनो तब्बल ९ मिनिटं २४ सेकंदांच्या फरकाने जिंकला, पण उजव्या हाताच्या दोन बोटांची संवेदना कायमची अधू झाली. बोटं बधिर झाली की थांबा, हे सांगायला याहून मोठं नाव लागू नये.

थंडी टाळून घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर, सराव करणाऱ्यांना हिणवणाऱ्यांसाठी सायकलपटू मॅथ्यू हेमनचं उदाहरण. फेब्रुवारी २०१६ अखेर त्याचा हात मोडला. रस्त्यावर जाता येईना, म्हणून त्याने घरच्या ट्रेनरवर घाम गाळला आणि एप्रिलमध्ये ३७ व्या वर्षी २५७ किलोमीटरची पॅरिस-रुबे शर्यत जिंकली. चार वेळच्या विजेत्या टॉम बोनेनला मागे टाकून. घरातल्या सरावात मात्र एक वस्तू हवीच, ती म्हणजे पंखा. वारा नसल्यामुळे घामाच्या धारा लागतात.

घरात बसू न देणारा ‘आर-१२’ नावाचा एक खोडसाळ किताबही अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांकडे आहे. सलग १२ महिने, दर महिन्याला किमान २०० किलोमीटरची एक ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब फेरी. जानेवारीला सूट नाही.

आपल्याकडे चित्र उलटं. महाराष्ट्रात हिवाळा हाच लांब पल्ल्याचा हंगाम आणि घाटातला पहाटेचा गारठाच काय तो त्रास. त्यावर युरोपातल्या सायकलपटूंचा जुना उपाय फुकटात होण्यासारखा आहे. घाट उतरण्याआधी जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र सारायचं. कागद वारा अडवतो आणि उतार संपला की काढून टाकता येतो. तेव्हा पुणेकर, नाशिककर, पुढच्या ब्रेव्हेला निघताना चहाच्या टपरीवरचा कालचा पेपर मागून घ्या. आणि काम झाल्यावर तो घाटात फेकू नका.