हातातलं जीपीएस : उंची कुठून मोजायची?

निगडीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. लोहगडावर दोघे शेजारी शेजारी उभे, एकाच्या हातात जीपीएस यंत्र, दुसऱ्याच्या हातात फोन. अक्षांश-रेखांश जवळपास सारखे, उंचीत मात्र साठ-पासष्ट मीटरांचा फरक. यातलं बिघडलेलं कोणतं? माझं उत्तर असं की बहुधा कोणतंच नाही. दोन्हींनी उंची वेगवेगळ्या पातळ्यांपासून मोजली आहे, आणि कुठल्या पातळीपासून हे पडद्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. उपग्रहांवरून निघणारी मूळ उंची ही डब्ल्यूजीएस ८४ या गणिती लंबगोलापासूनची असते. हा लंबगोल म्हणजे पृथ्वीचा सोयीसाठी मानलेला गुळगुळीत आकार. खरी समुद्रसपाटी त्याला चिकटून नसते. गुरुत्वाकर्षण जिथे कमी तिथे ती खाली जाते, जास्त तिथे वर येते. या खऱ्या पातळीला जिऑइड म्हणतात. त्याचा जगातला सर्वांत खोल खळगा आपल्याच शेजारी, श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे. तिथे समुद्राची पातळी लंबगोलाच्या शंभर मीटरांहून अधिक खाली आहे, आणि पुणे जिल्हा त्याच खळग्याच्या उतारावर येतो. आपल्याकडे समुद्रसपाटी लंबगोलाखाली साधारण साठ ते सत्तर मीटर. म्हणजे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवरच्या जागी कच्ची उपग्रह-उंची पाचशेच्याही आत दिसणार. हातातल्या बहुतेक जीपीएस यंत्रांत हा फरक मिळवणारा तक्ता आधीच भरलेला असतो. आयफोनही समुद्रसपाटीची उंची देतो. अँड्रॉइडने मात्र वर्षानुवर्षं अॅपला लंबगोलाचीच उंची दिली. फरक मिळवायचा की नाही हे अॅप बनवणाऱ्यावर. लोहगडावरचं कोडं बहुतेक इथेच सुटतं.

उंचीच्या आकड्याने काय बिघडतं, वाट तर अक्षांश-रेखांशांवर सापडते, असा आक्षेप येईल. सपाटीवर तो खरा आहे. मोशीहून चाकणला जाताना उंची कोणी बघत नाही. पण सह्याद्रीतला कडा हीच अशी जागा आहे जिथे माथा आणि पायथा नकाशावर जवळजवळ एकाच बिंदूवर येतात. पावसाळी धुक्यात, कातळावरून परावर्तित होऊन आलेल्या संदेशांमुळे, यंत्राची आडवी चूक वीस-तीस मीटर सहज होते. त्या वेळी आपण कड्याच्या वर आहोत की खाली, हे फक्त उंचीच सांगू शकते. १:५०,००० च्या टोपोशीटवर, म्हणजे चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर, दोन समोच्च रेषांमध्ये उंचीचं साधारण २० मीटरांचं अंतर असतं. पासष्ट मीटर चुकले म्हणजे तीन रेषा ओलांडल्या, आणि बरोबर पट्टीवर असूनही आपण दुसरीच पट्टी शोधत बसतो. त्यात उपग्रहांची उभी चूक मुळातच आडव्या चुकीच्या दीडपट-दुप्पट असते. आडव्या दिशेत उपग्रह चहूबाजूंनी मिळतात आणि चुका एकमेकींना सावरतात. उभ्या दिशेत ते फक्त डोक्यावर. पायाखालचे पृथ्वीच्या आड.

मग हवेच्या दाबावरून उंची काढणारा दाबमापक असलेलं यंत्र घ्यावं का? घ्यावंच. गार्मिनच्या ईट्रेक्स ३० मध्ये तो आहे, ईट्रेक्स १० आणि २० मध्ये नाही, आणि डोंगरासाठी या फरकाला माझ्या लेखी पडद्याच्या रंगांपेक्षा कितीतरी जास्त किंमत आहे. दाबमापक दोन-तीन मीटरांचा चढही टिपतो, उपग्रहांचा आकडा तेवढ्याने नुसताच थरथरतो. पण त्याला स्वतःची पातळी नसते, ती आपण द्यावी लागते. शिवाय आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. कोरड्या दिवसांत हा उतार तीनेक हेक्टोपास्कल, आणि आपल्या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास नऊ मीटर. आपोआप जुळवणी बंद ठेवून यंत्र सकाळी दहाला चिंचवडमध्ये टेबलावर ठेवलं, तर दुपारी चारपर्यंत ते पंचवीस-तीस मीटर वर चढल्याचं सांगेल. उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. रेल्वेस्थानकाच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची पद्धत आहे. लोकलने मळवलीला उतरलात की तो आकडा यंत्रात भरा, आणि गडाच्या वाटेवर नकाशात उंची दिलेली जागा लागली की पुन्हा जुळवा.

घरी आल्यावर संगणक उंची दुरुस्त करून देतो, मग हा खटाटोप कशाला, असंही म्हणतात. ही दुरुस्ती बहुधा २००० साली अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीच्या तक्त्यावरून होते. त्यातला एक चौकोन सुमारे ३० मीटरांचा. चाकणच्या माळावर त्याने काम भागतं. कड्यावर एकाच चौकोनात माथा आणि पायथा दोन्ही येतात आणि सरासरी निघते. म्हणून वाट नोंदवून दुसऱ्याला देताना जीपीएक्स फाइलसोबत उंची उपग्रहाची, दाबमापकाची की तक्त्यावरची, हे एका ओळीत लिहून द्यावं. फाइलीतला उंचीचा आकडा नुसते मीटर सांगतो.

या सगळ्याला आपल्या पिंपरी-चिंचवड शहरात आणखी एक बाजू आहे, आणि मला ती डोंगरापेक्षा गंभीर वाटते. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले बंगले पाडले गेले, तेव्हापासून नदीकाठचे लोक आपलं घर रेषेच्या आत की बाहेर हे पाहू लागले. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. या रेषांमागच्या पाणीपातळ्या समुद्रसपाटीपासून मोजलेल्या असतात, आणि तिथे अर्ध्या मीटरनेही निकाल फिरतो. घर नकाशावर साधारण कुठे येतं एवढं हातातलं यंत्र दाखवील. पण पडद्यावरची उंची पुराच्या पातळीशी ताडून घर घेऊ नका, आणि घाबरून विकूही नका. त्या कामाला जवळचा बेंचमार्क (उंची नक्की केलेली खूण), ऑटो लेव्हल हे उंची मोजायचं उपकरण आणि ते लावणारा सर्व्हेअर लागतो.