लेकराचे पाय आधी बघा

येळवशीला, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावास्येला, आम्ही लातूरहून सकाळी सातच्या आत निघतो. सासूबाई पहाटे तीनलाच उठलेल्या असतात. भज्जी, उंडे, आंबिलीचं मडकं असं सगळं टमटममध्ये चढलं की मी पाच महिन्यांच्या धाकटीला घेऊन त्यांच्या शेजारी बसते. सहा वर्षांचा थोरला गेल्या खेपेला हट्टानं बापाच्या स्कूटीवर पुढं उभा राहिला. शेतात उतरलो तेव्हा त्याच्या नाकाचा शेंडा लालभडक झाला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बोटं एवढी गारठली होती की स्वेटरची बटणं निघेनात. नवऱ्याला मात्र थंडी जाणवलीच नव्हती, कारण समोरून येणारा वारा लेकरू झेलत होतं. आपल्या कातडीला लागून उबदार हवेचा पातळ थर असतो. वारा तो थर सारखा पुसून नेतो आणि शरीराला दर क्षणी नवा थर तापवावा लागतो.

बाराच्या सुमाराला तेच पोर बनियनवर तुरीच्या ओळींतून पळत होतं. स्वेटर बोरीला अडकवलेला. ‘मम्मी, गरम होतंय!’

मराठवाड्यातल्या हिवाळ्यात लेकरांना खरा त्रास होतो तो या चढउताराचा. पहाटे पारा 10-12 अंशांवर असतो, लाट आली तर त्याहूनही खाली जातो, आणि दुपारी 28-30 होतो. याला कारण आमची कोरडी हवा आणि निरभ्र आभाळ. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपानं आभाळाकडं सोडत राहते. हवेतली वाफ आणि ढग त्यातली बरीचशी उष्णता अडवून पुन्हा खाली पाठवतात. आमच्याकडं समुद्र लांब, आणि डिसेंबरात ढगही विरळाच. आभाळ आलं की थंडी पळते, हे शेतात झोपणारा प्रत्येक माणूस सांगतो, ते यामुळंच.

माझं माहेर नांदेडचं. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे 360 मीटरवर, लातूर पाचशेच्या वर. उंचीच्या हिशोबानं नांदेडची पहाट उबदार असायला हवी, पण तिथंही हुडहुडी भरते. गार हवा जड असते. रात्री ती पाण्यासारखी उताराला लागते आणि गोदावरीच्या खोऱ्यात येऊन साचते. लहानपणी गोवर्धन घाटावर नदीतून वाफा निघताना दिसल्या की मला वाटायचं, खाली कुणीतरी जाळ लावलाय. पाणी हवेइतक्या लवकर निवत नाही, म्हणून पहाटे ते हवेपेक्षा उबदार असतं. त्यावरून उठलेलं बाष्प गार हवेत शिरताच त्याचे बारीक थेंब होतात. जमिनीलगत गार हवा आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण, अशी ही रचना असते. चुलीतल्या तुराट्यांचा धूरही त्या झाकणाखालीच अडकतो आणि जमिनीलगतच तरंगत राहतो.

आता बाळाचा हिशोब बघा. 3 किलोच्या बाळाच्या कातडीचं क्षेत्रफळ साधारण 0.2 चौरस मीटर असतं, 60 किलोच्या माणसाचं 1.6 ते 1.7. म्हणजे किलोमागं बाळाची कातडी मोठ्या माणसाच्या जवळजवळ अडीचपट. कपातला चहा बशीत ओतला की लगेच निवतो, तशी बाळाची ऊब उडून जाते. त्यात नवजात बाळाच्या कातडीचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या डोक्याचा. म्हणून कुंची आणि टोपडं यांना मी कपड्यांमध्ये पहिला मान देते.

मोठी माणसं कुडकुडून ऊब तयार करतात. तान्ह्या बाळाला ते नीट जमत नाही. त्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये, मानेभोवती आणि मूत्रपिंडांजवळ तपकिरी चरबी असते, तीच त्याची शेगडी. ती जळायला प्राणवायू लागतो आणि दूधही लागतं. बाळ फार वेळ गारठलं तर अंगाला लागायचं दूध ऊब करण्यातच खर्ची पडतं. थंडी वाढली की शरीर आधी हातापायांचं रक्त आखडून घेतं, म्हणजे पोटातल्या अवयवांची ऊब टिकावी. म्हणून बाळाला तपासायची सोपी रीत अशी: पोट उबदार आणि पायही उबदार, तर बाळ ठीक. पोट उबदार पण पाय गार, तर थंडी बाधायला लागली. दोन्ही गार, तर वेळ घालवायचा नाही. बाळाला आईच्या उघड्या छातीशी घ्यायचं, वरून गोधडी, दूध पाजायचं आणि दवाखाना गाठायचा. छातीशी धरण्याचा हा उपाय कोलंबियातल्या बोगोटा शहरातल्या डॉक्टरांनी 1978 पासून कमी वजनाच्या बाळांसाठी वापरायला सुरुवात केली. आज तो जगभर चालतो.

आपल्याकडं गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 1990च्या दशकात 39 गावांमधल्या बायकांना घरीच नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला उबदार ठेवणं हा त्या शिकवणीचा मोठा भाग होता. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानानं नवजात मृत्यूचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं होतं. माझ्या दृष्टीनं महाराष्ट्रात झालेल्या अत्यंत मोलाच्या संशोधनांपैकी हे एक आहे.

लातूरकराला थंडीचा विषय निघाला की किल्लारीचा भूकंप आठवतोच. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे दगडमातीची जाड माळवदं कोसळली आणि हजारो माणसं गेली. वाचलेल्या अनेकांचा पुढचा हिवाळा पत्र्याच्या शेडमध्ये गेला. माळवदाची जाड माती दिवसाची ऊब साठवून रात्री हळूहळू सोडते. पत्रा पातळ. तो आभाळाकडं उष्णता टाकत बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो आणि आतल्या माणसांच्या श्वासातलं बाष्प त्याला खालून थेंब होऊन चिकटतं. माळवद पुन्हा नको, हे खरं. पण आजही कितीतरी लेकरं पत्र्याखाली झोपतात. पत्र्याखाली जाड कापड ताणून बांधलं, तर बाळाच्या अंगाची उष्णता थेट गार पत्र्याकडं जात नाही.

दुपारचा त्रास वेगळा. एक घनमीटर हवेत 10 अंशांना जास्तीत जास्त 9 ग्रॅम वाफ मावते, 30 अंशांना 30 ग्रॅम. सकाळी दहिवर पाडणारी हवा दुपारी तापते, पण तिच्यातलं पाणी वाढत नाही. म्हणून ती तहानलेली असते आणि मिळेल तिथून पाणी ओढते. गाल उलतात, ओठ उलतात, नाकातला ओलावा सुकतो. आमच्या घरात बाळाला करडईचं तेल लावतात, कारण करडई इथलंच पीक. त्यात लिनोलिक आम्ल भरपूर असतं आणि कातडीचा पाणी धरून ठेवणारा थर घडवायला ते लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2005 साली 120 नवजात बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. करडईच्या तेलानं मालिश केलेल्या बाळांच्या रक्तात अशा आवश्यक मेदाम्लांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. तेल कातडीवाटे आत पोचतं, याचा तो पुरावा.

मालिशनंतर दार बंद करून निखाऱ्यांवर ओवा टाकून धुरी देण्याची रीत मात्र आम्ही बंद केली. बंद खोलीत कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि धूर बाळाच्या फुप्फुसांना सोसत नाही. सर्दी होते ती विषाणूंमुळं. सुकलेलं नाक आणि दारं लावून एकत्र झोपलेलं घर त्यांना वाट करून देतं. खोकला असला की लेकरू शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालच्या बाळात 60 किंवा जास्त, वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडं जावं.

येळवशीच्या त्या दिवशी शेतात सहालाच दिवस मावळला. थोरला खेळून दमून कडब्याच्या कोपीपाशी बसला आणि कुडकुडायला लागला. मी स्वेटर घेऊन धावले. ‘आधी ते बनियन काढ की त्याचं,’ सासूबाई म्हणाल्या. बनियन घामानं ओलंचिंब होतं. पाणी हवेच्या कितीतरी पटीनं उष्णता वाहून नेतं आणि वाळतानाही अंगाचीच ऊब घेतं, त्यामुळं ओल्या बनियनवर घातलेला स्वेटर फारसा कामाचा नसतो. अंग पुसून कोरडं बनियन घातलं, तेव्हा पोराचे दात वाजायचे थांबले.

परतताना तो टमटममध्येच बसला, आम्हा दोघींच्या मध्ये. अंधारात सासूबाईंचा हात धाकटीच्या पायांवरून सरकत त्याच्या पायांवर आला, मोजे चाचपले आणि वाटेतलं औसा येईपर्यंत तिथंच राहिला.